मीटरपुढे मोहनसिंग

मीटरची काच खांद्यावरच्या दस्तीने पुसायची. आकडा दोनदा मोठ्याने वाचायचा, मगच लिहायचा. पंपघरात शिरताना चपला बाहेर काढायच्या. भाकरीचा पहिला तुकडा मुंग्यांना. कुणी घाई केली की मुद्दाम सावकाश चालायचं.

मोहनसिंग राठोड कळमनुरी रस्त्यावरच्या पाच मजली वसतिगृहाचा पंप चालवायचा. मोठ्या इमारतींनी वीज-पाण्याचा वापर दरमहा कळवायचा, असा नियम आला आणि मीटर वाचायचं काम त्याच्याकडे आलं. त्याचे आकडे कॉम्प्युटरवर चढवायचा रणजीत, त्याच्याच तांड्यातला, नुकताच एम.ए. झालेला.

मार्चमध्ये तांड्याची विहीर आटली. मॅनेजरने मोहनसिंगला पाणी निम्मं लिहायला सांगितलं. तो म्हणाला, "मीटर दावतं तेच लिहीन. खोटंच लिहायचं तर मीटर काहून बसवलं?"

मॅनेजरच्या दोन माणसांनी त्याला पंपघराच्या भिंतीशी दाबलं. एकाने उजव्या हाताची बोटं दारात धरली, दुसऱ्याने दार लोटलं. हाडं मोडल्याचा आवाज रणजीतने बाहेरून ऐकला.

रणजीतचं डोकं फिरलं. त्याने तांड्याच्या नायकाच्या अंगणात सगळ्यांसमोर सांगून टाकलं: वसतिगृहाचं बोअर रोज साठ हजार लिटर पाणी उपसतंय. तिथं ठरलं, घरटी एक माणूस निघेल, बोअर फोडायचं. नायकाच्या अंगणात ठरलेलं मोडत नाहीत. मोहनसिंगला कुणी कळवलं नाही. तो पडला मालकाचा माणूस.

सकाळी कुऱ्हाडी, सब्बल घेऊन तांडा आला. रणजीतही त्यांच्यात होता. पंपघरात मोहनसिंग एकटाच होता, वही गुडघ्यावर घेऊन लिहीत. तो उठला आणि मीटरला पाठ लावून उभा राहिला.

"मोटर फोडा," तो म्हणाला. "ह्याला हात लावू नका. आपलं पाणी कुणी नेलं, ते हेच सांगून राहिलंय."

"मालकाचं मीठ बोलतंय," त्याचा पुतण्या पेमा म्हणाला. "काका, बाजूला व्हा."

"न्हाई."

रणजीतला ओरडायचं होतं. पेमाची सब्बल खाली आली. दुसरा घाव मीटरवर बसला. काच आणि रक्त एकाच फरशीवर. मग मोटर फोडली, पाइप तोडले, आणि कुणीतरी पेमाच्या हातातून सब्बल काढून घेतली. तो काकाचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मोहनसिंगचा श्वास थांबला होता.

वही रणजीतने उचलली. मार्चची ओळ डाव्या हाताने लिहिलेली, वाकडी. मीटरचा आकडा सहा अंकी असायचा. मोहनसिंगचे चारच लिहून झाले होते.