साळवेबाईंचं लॉक

दुकान उघडलं की संगणकाच्या पडद्यावर रोज तोच इशारा यायचा : ही सिस्टिम जुनी झाली, तिला आता कंपनीचा आधार नाही, नवी घ्या. साळवेबाई तो बंद करता करता उत्तर द्यायच्या, "व्हय बाबा, कळलं. मला तरी कुणाचा हाय?" आणि कामाला बसायच्या.

औरंगपुऱ्यात एका जिन्याखाली त्यांचं मराठी टायपिंगचं दुकान होतं. मी शाळामास्तर, माझ्या प्रश्नपत्रिका त्यांच्याकडेच. माझं अक्षर लागणारी शहरात ती एकच बाई. "सर, कागदावर कोंबडी नाचली का?" हे त्यांनी आमच्या मुख्याध्यापकांसमोरही विचारलं होतं.

त्यांचे सासरे शाहीर. भीमजयंतीला गावोगाव गायचे. लिहिता येत नव्हतं, म्हणून म्हातारपणी ते गायचे आणि बाई टाइप करायच्या. मामंजी गेले, त्यांच्या गाण्याच्या पार्टीतलंही कोणी उरलं नाही. गाणी तेवढी त्या मशीनमध्ये राहिली. त्यांचं पुस्तक काढायचं, हा बाईंचा एकच ध्यास.

घोडं अडलं होतं लॉकपाशी. त्यांचं मराठी सॉफ्टवेअर मशीनच्या मागे खोचलेल्या एका काळ्या डबीशिवाय चालत नसे. टायपिंगवाले तिला लॉक म्हणतात. आणि त्या सॉफ्टवेअरात टाइप केलेलं दुसऱ्या कशात वाचताच येत नसे. नव्या मशीनला ती खोचायला जागाच नसते, आणि सॉफ्टवेअरची कंपनी कधीच बुडालेली. इकडे जुन्या मशीनवर नवा प्रिंटर चालेना. प्रेसवाले व्हायरसच्या भीतीनं बाईंचा पेनड्राइव्ह घेईनात. गिऱ्हाइकं गळत चालली होती.

"नवीन घ्या हो," मी चिडून म्हणायचो. "एकात बघून दुसऱ्यात टाइप करा."

"अन् तवर गिऱ्हाइकाचं काम कोण करंल? नव्यात मामंजी मुके होतेत, सर."

"मग पडद्याचे मोबाइलवर फोटो तरी काढा!"

"काढू की रविवारी. लई घाई तुमाला."

असे कितीतरी रविवार गेले. मग एका दुपारी वीज गेली, जोरात परत आली, आणि मशीन पुन्हा सुरू झालंच नाही. लॉकही जळालं.

मी बाईंबरोबर शहागंजच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं डिस्क वाचवली. "बाईजी, डाटा पूरा सेफ है," तो खुशीत म्हणाला आणि आपल्या नव्या मशीनवर फाइल उघडली. पडदाभर कंस, टिंबं, मोडकी इंग्रजी अक्षरं. मराठीची एक ओळ नाही.

बाई खुर्ची ओढून बसल्या. ओळीओळीवरून बोट फिरवू लागल्या. "हे धृपद असंल. आखूड हाय." मग हलकेच गुणगुणल्या. चाल अगदी स्वच्छ होती. दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबल्या.

"चाल येती, सर. शबुद नाय येत."

मला त्या मशीनचा, त्या कंपनीचा, बाईंचासुद्धा संताप आला होता, आणि रडूही येत होतं.

दुरुस्तीवाल्यानं जरा वेळानं विचारलं, "ये फाइल रखना है, या उडा दूँ?"

"ठिव," बाई म्हणाल्या. "सगळी हायेत ना त्यात."