सात नारळांचा काथ्या

आधीच सांगते, मी हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी आठपासून लोकांची थुंकी, लघवी, शी आणि पू. त्याच मजल्यावर डबा खाते आणि चवीने खाते. तेव्हा किळस या विषयावर मला कुणी शिकवू नये. आणि भूत, करणी, दृष्ट वगैरेवर तर मुळीच नाही. ज्याची स्लाइड करता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही... म्हणजे नव्हता. आता आहे का, असं विचाराल तर तेही मला सांगता येणार नाही. घडलं तसं लिहिते. हसायचं तर हसा.

२००७ च्या उन्हाळ्यात आम्ही टोरोंटोहून हॅलिफॅक्सला आलो. मी, नवरा सुहास आणि आमची सई, तेव्हा बारा वर्षांची. घर चढावरचं डुप्लेक्स, खिडकीतून बंदराचा एक तुकडा दिसायचा. सईच्या मैत्रिणी सगळ्या तिकडे राहिल्या, आणि इथे आल्यापासून पोरगी गप्प. ऑक्टोबरमध्ये एके दिवशी तिने आवडीचा फोडणीचा भात खाल्ला आणि वीस मिनिटांत भडभडा ओकली. मग रोजच ते सुरू झालं. जेवण झालं की वीस मिनिटांनी तीन जांभया यायच्या, एकापाठोपाठ एक, आणि तिसऱ्या जांभईला सगळं बाहेर. घशात बोटं घालते का, मुद्दाम करते का, हे डॉक्टरांनी विचारलं, मीही विचारलं, दाराआडून पाळतही ठेवली. तसं काही नव्हतं. रक्त, स्कॅन, पोटात नळी, कौन्सेलर, सगळं झालं. रिपोर्ट नॉर्मल. पोरीच्या बरगड्या मोजता यायला लागल्या होत्या.

जानेवारीत सासूबाई आल्या, इचलकरंजीहून, सहा महिन्यांसाठी. नातीला बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, दृष्ट लागलीया पोरीला. तुला कसं दिसंना?" मी म्हटलं, आई, इथे आपल्याला ओळखतं कोण दृष्ट लावायला! पण आईंचं तोंड कोण धरणार. दर शनिवारी तिन्हीसांजेला सईवरून नारळ उतरायचा, मग मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या ओवाळून तव्यावर टाकायच्या. आता आमच्या स्वयंपाकघरातला स्मोक अलार्म इतका तिखट, की साधी जिऱ्याची फोडणी दिली तरी बोंबलायचा. पण आईंनी तवाभर मिरच्या जाळल्या तरी ना ठसका, ना अलार्म. "बघ, दृष्ट हाय म्हणूनच मिरच्यांची खाट न्हाई, ठसका न्हाई," आई म्हणाल्या. मी म्हटलं, एक्झॉस्ट फॅन चालू आहे म्हणून.

सात शनिवार झाले. मार्च उजाडेपर्यंत सईच्या उलट्या थांबल्या. औषधं चालू होतीच, त्यामुळे मी श्रेय औषधांना दिलं आणि विषय संपवला.

आता सापाकडे येते. सईला कधीपासून साप पाळायचा होता. आजारपणात मी बोलून गेले होते, दोन महिने उलटी झाली नाही तर आणू. मेलं माझंच तोंड! मेच्या पहिल्या आठवड्यात ते ध्यान घरात आलं. कॉर्न स्नेक. नारिंगी, पेन्सिलीएवढा जाड, दीड हात लांब. नाव ठेवलं बिस्किट. आई त्याला साप म्हणायच्या नाहीत, 'ते लांबडं' म्हणायच्या आणि सईच्या खोलीच्या उंबऱ्यापलीकडे पाऊल टाकायच्या नाहीत. त्याचे उंदीर आमच्या फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी, गुलाबी, बिनकेसांचे, डोळे मिटलेले. शी! रोज बेडके तपासणारी मी, पण तो फ्रीझर मी तोंड फिरवून उघडायची. नातीपायी आईंनी फ्रीझरमधलं काही खायचं सोडून दिलं. पण सई बोलायला लागली होती हो. शाळेतून आली की दप्तर टाकून सापाशी गप्पा, मग आमच्याशीही. सापाने नुसती जांभई दिली तरी, "मम्मा, ही यॉन्ड! लुक, ही इज सो क्यूट!" हे ऐकायला मी आणखी दहा साप पाळले असते.

प्रश्न होता त्याच्या टाकीत खाली अंथरायचं काय. आधी वर्तमानपत्र घातलं. साप हगतो तेव्हा सोबत चुन्यासारखं पांढरं काहीतरी टाकतो, ते कागदावर पसरून असा वास सुटायचा की सांगता सोय नाही. मग दुकानातून अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा आणला, तर त्याच्या धुळीने सई शिंकून बेजार. वाळू पोटात जाते, देवदाराचा भुसा विषारी. शेवटी दुकानातल्या मुलाने नारळाच्या काथ्याची वीट दाखवली. बेस्ट, म्हणाला. मी किंमत बघितली आणि माझं डोकंच फिरलं. ज्या शेंडीने आपल्या सात पिढ्यांनी भांडी घासली, ती मी विकत घेऊ? तीही सापासाठी? हात हलवत घरी आले.

आणि त्याच संध्याकाळी गॅरेजमध्ये, विंटर टायर्सच्या मागे, मला एक गाठ मारलेली पिशवी सापडली. आत सात नारळ, चांगले शेंडीवाले. मला वाटलं, आईंनी सेलमध्ये घेऊन ठेवले आणि विसरल्या. फोडले तर खोबरं खवट झालेलं, ते करवंट्यांसकट ओल्या कचऱ्याच्या ग्रीन बिनमध्ये टाकलं. शेंड्या मात्र सोलून मोकळ्या केल्या, आणि मी लॅबवाली ना, ट्रेमध्ये घालून ओव्हनमध्ये तासभर भाजल्या. किडा-मुंगी, बुरशी काही राहायला नको. टाकीत छान पातळ थर झाला. स्वतःवरच खूश झाले मी.

कुणाच्या लक्षात आलं असेल तर आलं असेल. माझ्या आलं नाही.

पहिल्याच दिवशी सापाने सगळा काथ्या नाकाने ढकलून एका कोपऱ्यात लोटला आणि उघड्या काचेवर जाऊन बसला. मी पसरला. सकाळी परत तेच. शनिवारी सईने त्याला उंदीर दिला, त्याने गिळला, आणि आम्ही दोघी बघत असताना त्याने जबडा फाडून जांभई दिली. साप खाल्ल्यावर जांभई देतात, ते मला माहीत होतं. दुसरी दिली. तिसरी दिली, आणि उंदीर बाहेर आला. चिकट, लिबलिबीत, इतक्यातच अर्धवट विरघळलेला. वास असा की सडका मासा बरा. मी घड्याळ बघितलं नाही, पण सईने बघितलं होतं. "ट्वेंटी मिनिट्स, मम्मा," ती म्हणाली. चेहरा पांढराफटक.

पुढच्या शनिवारी तेच. व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर, म्हणाली, तापमान ठीक, तोंड ठीक, काही सापडत नाही. पण इतका लहान साप आणखी एकदोनदा ओकला तर जगणार नाही. दहा दिवस काही देऊ नका. पाठीचा कणा वर आला होता त्याच्या. सईने पुन्हा बोलणं बंद केलं आणि जेवताना ताटात नुसतं चिवडायला लागली. मला सापाचं काय हो, साप मेला तर मेला. पण तो गेला की ही पोरगी परत ऑक्टोबरात जाणार, हे मला लख्ख दिसत होतं.

नवव्या दिवशी दुपारी मी टाकीतलं पाणी बदलत होते. पोटात नऊ दिवस कण नाही. टाकीचं झाकण चारी बाजूंनी क्लिप लावलेलं, ते मीच नुकतं उघडलं होतं. त्याने माझ्याकडे तोंड करून तीन जांभया दिल्या आणि माझ्या हातमोज्यावर ओकला.

भात होता तो. शिजवलेला, पिवळा भात, दोन चमचे असेल. त्यात मोहरीचे दाणे आणि कढीपत्त्याचं एक आख्खं पान. मी तशीच बाथरूममध्ये धावले आणि आतडी पिळवटून निघेपर्यंत ओकले. मग तोंड धुतलं आणि फर्स्ट-एड बॉक्समधलं आयोडिन काढून एका शितावर थेंब टाकला. काळंनिळं झालं. स्टार्च. भातच. ऑक्टोबरपासून घरात फोडणीचा भात झाला नव्हता, सईला वाससुद्धा चालायचा नाही. कढीपत्ता तर या गावात महिनोन् महिने मिळायचा नाही.

आई जिन्याखाली उभ्या होत्या. मी काय काय बडबडले कोण जाणे, त्यात नारळाचं आलं. आईंनी कठडा घट्ट धरला. "कुठले नारळ? गॅरेजातले?" सुहासने त्यांना बजावलं होतं, इथे तिठ्यावर काही टाकायचं नाही, लोक पोलीस बोलावतील. म्हणून सईवरून उतरलेला एकेक नारळ त्यांनी बांधून ठेवला होता, थंडी सरली की समुद्राला द्यायला. "पोरीचं काढून ठिवलं हुतं ते! आन् तू त्येचं अंथरूण केलंस? जिवंत जनावराला?"

मागे पायरीवर सई उभी होती. शाळेतून कधी आली, आम्हाला कळलंच नाही. मराठी तिला सगळं समजतं. ती तशीच खोलीत गेली. पाच मिनिटांनी मी गेले तर जमिनीवर बसलेली, आणि तो काथ्या, सापाच्या ओकारीने चिकट झालेला तो घाणेरडा काथ्या, दोन्ही मुठींनी छातीशी धरलेला, टी-शर्टच्या आत.

"सई! टाक ते! शी, टाक आधी!"

"पुट इट बॅक ऑन मी," ती म्हणाली. "इट वॉज माइन. ही इज जस्ट अ बेबी, मम्मा."

मी तिच्या हातातून ओढून काढलं. तिला शॉवरखाली उभी केली, साबणाने घासली, वर ओरडत होते, रडत होते. टॉवेल गुंडाळताना तिने जांभई दिली. मग दुसरी. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिसरी आली नाही, पण मी तशीच आईंकडे धावले.

"आई, करा काय करायचं ते," मी म्हटलं. आईंनी मान हलवली. "जिनं घरात आणलं तिनंच काढायचं. मी सांगते तसं कर."

तर तिन्हीसांजेला मी, बी.एस्सी. मायक्रो, मुठीत मीठ-मोहरी आणि मिरच्या घेऊन एका सापावरून ओवाळत होते. उंबऱ्याबाहेरून आई सांगत होत्या, आल्यागेल्याची, पापी-चांडाळाची, घरच्याची-दारच्याची... आणि मी शाळेतल्या पोरीसारखी म्हणत होते. लाजेने मेले असते, पण एक शब्द गाळला नाही. मग तव्यावर टाकलं. फॅन मी मुद्दाम बंद ठेवला होता, खिडक्या लावल्या होत्या. मिरच्या काळ्या पडल्या, धूर छतापर्यंत गेला, अलार्मला गुंडाळून राहिला. ना ठसका, ना वास, ना आवाज. मी तव्याजवळ नाक नेऊन जोरात श्वास घेतला. काही नाही.

लॅबमध्ये आम्ही एकच नमुना तपासून निकाल देत नाही. पण आता दुसरा नमुना माझी मुलगी होती. त्याच पाकिटातल्या मिरच्या, तोच तवा पुसून, तोच गॅस... गॅस कसला, तीच इलेक्ट्रिकची शेगडी. सईला पाटावर बसवली. पुन्हा खाट आली नाही तर काय करायचं, हे मी ठरवलं नव्हतं. खरं सांगते, माझ्या कुठल्याही रिपोर्टची मला इतकी भीती वाटली नव्हती. ओवाळलं आणि मूठ तव्यावर सोडली.

एक क्षण काही झालं नाही. आणि मग अलार्म असा किंचाळला की आई दचकून खालीच बसल्या. ठसका लागला सगळ्यांना! डोळे, नाक, घसा, नुसती आग. सई खोकत होती, आई खोकता खोकता दोन्ही हातांनी तिच्यावरून कडाकडा बोटं मोडत होत्या, मी भिंतीला टेकून खोकत होते आणि हसत होते. इतका छान ठसका मला आयुष्यात लागला नाही.

सकाळी काथ्या, राख, सगळं पिशवीत भरून मी आणि आई बंदरातल्या फेरीबोटीत बसलो आणि मधोमध गेल्यावर पाण्यात सोडलं. कॅनडात असं करू नये, मला माहीत आहे. टाकीत पेपर टॉवेल घातले, अजूनही तेच घालते. आठवड्याने बिस्किटने छोटा उंदीर खाल्ला आणि तो पोटातच राहिला.

त्याला आता पाच वर्षं झाली. माझ्या मनगटाएवढा नाही, पण चांगला जाड झालाय, आणि त्याची टाकी साफ करताना मला आजही तितकीच किळस येते. भात कुठून आला, ते मी व्हेटला विचारलं होतं, तिने माझ्याकडेच काळजीने बघितलं. अलार्मची बॅटरी मी त्याच आठवड्यात तपासली, नवी होती. नवरा म्हणतो, सगळे योगायोग. असतील. मग ते आयोडिनचं काळंनिळं शीत काय होतं, हे त्याने मला सांगावं.

फोडणीचा भात मी त्यानंतर केला नाही. परवाच्या रविवारी सईने केला, स्वतःहून, भरपूर मोहरी आणि टोरोंटोहून मागवलेला कढीपत्ता घालून. आम्ही जेवलो. ती फोनवर मैत्रिणीशी बोलत होती, हसत होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत खरकट्या हाताने बसून राहिले. वीस मिनिटं झाली. तिने पातेलं ओढलं आणि आणखी वाढून घेतला.