स्वखुशीचे क्लिक

"मॅडम, तोंड गोड करा," म्हणत भाऊंनी पेढ्यांचा पुडा थेट माझ्या कीबोर्डवर ठेवला. "सुरेखाच्या वेबसाइटनं रेकॉर्ड मोडलंय!"

मी डॅशबोर्ड उघडला आणि पेढा तोंडातच राहिला. साइटवर येणारी माणसं होती तेवढीच. जाहिरातींवरचे क्लिक मात्र आठवड्याभरात लिफ्टमध्ये बसून वर गेले होते.

"भाऊ, काय केलंत?"

"मी एकट्यानं नाही हो, मंडळानं केलं," भाऊ म्हणाले. छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण तुटायचंच बाकी होतं.

माझं ऑफिस साकीनाक्याला, कंप्रेसर दुरुस्तीच्या गाळ्यावर. खाली ठोकाठोक, वर मी. लोकांच्या वेबसाइटवर जाहिराती लावून त्यांना कमाई करून देणं हा माझा धंदा. काम समजायला सोपं आहे. तुमच्या पानावर काय लिहिलंय ते जाहिरात कंपनीचं सॉफ्टवेअर वाचतं आणि त्याला शोभेल अशी जाहिरात तिथे लावतं. वाचकानं त्यावर क्लिक केलं की जाहिरातदार पैसे देतो. त्यातला वाटा कंपनी घेते, बाकीचा तुमचा. वाचकाला त्या वस्तूत खरंच रस असावा, एवढीच अट. बहुतेक वाचक जाहिरातीकडे ढुंकूनही बघत नाहीत. म्हणून तर क्लिकला किंमत आहे.

सुरेखा भाऊंची धाकटी भावजय. घाटकोपरच्या चाळीत राहते आणि साकीनाक्यालाच एका पॅकिंग युनिटमध्ये दिवसभर उभ्यानं काम करायची. गुडघे कामातून गेलेले. डॉक्टरनं सांगितलं, उभं राहणं बंद करा. डॉक्टरला काय जातंय सांगायला! पण बाई हिमतीची. मालवणी रेसिपी लिहून लिहून तिनं साइट उभी केली, आणि काय लिहायची! वाचता वाचता भूक लागावी. पहिल्यांदा जाहिराती लावल्या तेव्हा तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याखाली ॲसिडिटीच्या गोळ्या आल्या. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पण हळूहळू कमाई सुरू झाली, आणि गेल्याच महिन्यात तिनं युनिटच्या सुपरवायझरला सांगून टाकलं होतं, महिनाअखेरीला मी काम सोडतेय.

आणि आता हे भाऊ. रिटायर्ड माणूस, गावकरी मंडळाचे अध्यक्ष. मुंबईत गावचं कुणी मेलं, लग्न ठरलं, देवळाला पत्रे हवेत, की भाऊंचा शब्द शेवटचा. मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी फर्मान काढलं होतं: 'शुभ प्रभात झाल्यावर प्रत्येकानं सुरेखाच्या साइटवर जाऊन सगळ्या जाहिरातींवर क्लिक करायचं. आपल्या गावची सून आहे.' मग काय, भांडुप, विरार, डोंबिवली, सगळीकडून बोटं कामाला लागली. देवपूजेआधी क्लिक! एका काकांनी भक्तिभावानं मॉड्युलर किचनच्या जाहिरातीवर क्लिक करून फॉर्मही भरून टाकला. कंपनीचा माणूस टेप घेऊन त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत आला. बिचाऱ्यानं चहा घेतला आणि टेप न उघडताच गेला.

"भाऊ, ही फसवणूक धरतात. आत्ताच्या आत्ता बंद करा," मी म्हटलं.

"फसवणूक? गावची माणसं गावच्या सुनेला मदत करतायत, ही फसवणूक?"

"जाहिरातदाराचे पैसे जातात आणि त्याला गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून."

"अहो, एवढ्या मोठ्या कंपन्या! त्यांना काय कमी आहे?"

मी त्यांच्यासमोरच साइटवरच्या जाहिराती उतरवल्या. पण उशीर झाला होता. दुसऱ्याच दिवशी अकाउंट बंद. कंपनीची मेल आली: हे क्लिक खऱ्या वाचकांचे वाटत नाहीत, काही सांगायचं असेल तर अपील करा. अपील एकदाच करता येतं.

सुरेखा धापा टाकत वर आली. दारातच बसली. "मॅडम, माका कायच कळाक नाय. मी तर रेसिपीच लिवत होतंय ना?"

"तुझी काही चूक नाही गं. आपण खरं तेच लिहू. नातेवाइकांनी अज्ञानानं केलं, तुला माहीत नव्हतं, आता बंद झालंय. माफ करतीलच असं नाही, पण चान्स आहे."

मी दोन दिवस खपून मजकूर लिहिला. पाठवायला गेले तर लॉगिनसाठी कोड मागितला, आणि कोड जायचा भाऊंच्या मोबाइलवर. साइट सुरेखाची, स्वयंपाक सुरेखाचा, पण अकाउंटला नंबर भाऊंचा. का, तर व्यवहार मोठ्यांच्या हातात असलेला बरा. भाऊंना फोन लावला.

"कोड कशाला? अपील मी कालच पाठवलं," भाऊ म्हणाले. "फर्स्ट क्लास काम झालंय. व्हिडिओ जोडलाय. बघा तरी!"

बघितला. चाळीजवळच्या देवळाच्या हॉलमध्ये अख्खं मंडळ ओळीनं उभं. बायका पुढे, पुरुष मागे, मध्ये भाऊ माइक घेऊन. त्या मेलमधलं 'खरे वाचक नाहीत' त्यांना झोंबलं होतं. आमची माणसं खोटी? मग सगळ्यांनी हात वर करून शपथ घेतली: "आम्ही सर्व सभासद सांगतो की सुरेखाच्या साइटवरील जाहिरातींवर आम्ही रोज सकाळी, स्वखुशीने, स्वतःच्या बोटाने क्लिक केले आहे. कुठलीही मशीन वापरलेली नाही." शेवटी गावदेवीच्या नावानं चांगभलं!

या धंद्यात मी भामटे पुष्कळ पाहिले. चोरीचा कबुलीजबाब कोरसमध्ये, वर जयजयकारासकट पाठवणारे हे पहिलेच.

कंपनीचं उत्तर दोन ओळींचं होतं. अकाउंट कायमचं बंद, कमाई जाहिरातदारांना परत. माहितीबद्दल आभारही मानले होते. मानणारच! मला हसू आलं, आणि समोर सुरेखाचा चेहरा बघून त्या हसण्याची लाज वाटली.

भाऊंचं मत तयार होतं. "कंपनीच फ्रॉड. मराठी माणसाला वर येऊ देत नाहीत." त्या वर्षीच्या मेळाव्यात मंडळानं त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, 'डिजिटल मार्गदर्शक' म्हणून. सुरेखाची युनिटमधली जागा भरली गेली होती. दुसऱ्या गाळ्यात कमी पगारावर ती पुन्हा उभी राहिली. सत्काराला मात्र खुर्चीत बसून टाळ्या वाजवून आली.

त्यानंतर मी तिला म्हटलं, "जाहिराती गेल्या, साइट तुझीच आहे ना? लोक रेसिपी वाचून मसाला कुठे मिळेल विचारतात. तूच विक." पानाखाली ऑर्डरचं हिरवं बटण बसवलं. या वेळी मोबाइल नंबर तिचा, बँक अकाउंट तिचं. पहिली खबर मंडळाच्या ग्रुपवर टाकली. अंगठे आले, जोडलेले हात आले, 'अभिमान वाटतो वहिनी' आलं. ऑर्डर एकही आली नाही. एकीनं तेवढं विचारलं, "घरच्यांना काय भाव?" मसाला घेतला तो नाशिक-नागपूरच्या अनोळखी माणसांनी, आणि परत परत घेतला. सहा-सात महिन्यांनी सुरेखानं पॅकिंगचं काम सोडलं. आता पॅकिंग स्वतःचंच करते, स्टुलावर बसून.

धंद्यात शिकले ते एवढंच, की फुकटच्या पाठिंब्यावर हिशेब मांडू नये. रोज सकाळी शेकडो क्लिक करणारी बोटं खिशाकडे जायची वेळ आली की लगेच आखडतात.

परवा मी तिच्या घरी बसलेले असताना भाऊंचा फोन आला. तिचे हात मसाल्यानं भरलेले, म्हणून स्पीकरवर. "अगो सुरेखा, दोन किलो मसालो बाजूक काढून ठेव. घरचोच तो, पैशे कसले?"

सुरेखा आजवर भाऊंसमोर मान वर करून बोललेली मी पाहिली नव्हती. फोनवरसुद्धा तिनं आधी मनगटानं पदर सारखा केला. मग शांतपणे म्हणाली, "भावजी, साइटवर जावा. खाली हिरवा बटण आसा. क्लिक करा. स्वखुशीन."

ते बटण अजून भाऊंच्या बोटाला सापडलेलं नाही.