एक बॉल आधी

गेल्या रविवारपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. बहीण आधी पोट धरून हसली असती आणि मग गप्प झाली असती — त्या गप्प होण्याला मी घाबरायचे. तुम्हाला सांगते. तुम्ही ऐकाल आणि आपापल्या कामाला लागाल.

आम्ही दिल्लीत मयूर विहारला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. सासूबाई गेल्यावर सासऱ्यांना — मी बाबाच म्हणते — आम्ही सांगलीहून इथे आणलं. त्यांना करमेना. हिंदी बोलताना अडखळायचे, पार्कातल्या म्हाताऱ्यांच्या गप्पा त्यांच्या डोक्यावरून जायच्या. खुलायचे ते दोनच गोष्टींनी. एक भारताची मॅच, दुसरा माझा चहा. चहा मी झकासच करते, उगाच विनय कशाला? ठेचलेलं आलं, सालासकट वेलदोडा, सुंठ-दालचिनी-मिऱ्यांचा घरचा मसाला, आणि बाबांच्या धाकट्या भावाने परसातला वाळवून पाठवलेला गवती चहा.

तर झालं असं. आम्ही मॅच बघतो इंटरनेटवर, आणि ती मागे असते — चांगली एक बॉलभर मागे. खालच्या मजल्यावर गुप्ताजींकडे डिश आहे, त्यांना आधी दिसतं. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी मागच्या शाफ्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या अरुंद पोकळीत उघडते, त्यांचीही तिथेच. एकदा मी चहा ढवळत उभी होते आणि खालून गुप्ताजी ओरडले, "गया, गया!" मी हॉलमध्ये डोकावले. आमच्या टीव्हीवर बोलर अजून रनअपला वळत होता. मी म्हटलं, "बाबा, हा आता आउट होणार बघा." झाला. बाबा माझ्याकडे बघतच राहिले, आणि मग असे हसले, असे हसले!

तेव्हाच खिडकी दाखवून मोकळी झाले असते तर? दोघं मिळून हसलो असतो, यार. पण सासूबाई गेल्यापासून तो माणूस असा हसला नव्हता. आणि खरं सांगू? मलाही आवडलं ते. नोएडाच्या ऑफिसात माझं मत कोण विचारतं?

मग ते वाढतच गेलं. "चहाला उकळी आली की वृंदाला कळतं," असं ते सांगलीला फोनवर सांगायला लागले. मॅच अडली की म्हणायचे, "वृंदा, चहा टाक." मी टाकायचे. कान खिडकीकडे, आणि मधलं दार लोटून घ्यायचे — गुप्ताजींचा आवाज त्यांच्यापर्यंत जाऊ नये म्हणून. दार लोटलं म्हणजे ती गंमत राहिली नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

आणि एकदा, दोन इनिंग्जच्या मधे, बाबा स्वतःच स्वयंपाकघरात आले. भाऊ परत बोलावतोय म्हणाले, वरची खोली रिकामी आहे. "मला जावंसं वाटतं गं. तुझ्या मनात काय येतं?"

दूध वर येत होतं. खाली गुप्ताजींकडे जाहिराती चालल्या होत्या. माझ्या मनात काय आलं असेल? इराची स्कूल बस. माझी लेक आता चौथीत, तेव्हा दुसरीत होती; तिला बसवरून आणणार कोण, मी येईपर्यंत तिच्यापाशी बसणार कोण — बाबाच ना? मी गॅस बारीक केला आणि म्हटलं, "चांगलं नाही येत मनात. नका जाऊ, बाबा."

त्यांनी त्याच दिवशी भावाला नाही म्हणून कळवलं. पुन्हा विषय काढला नाही. त्यानंतरचे दोन हिवाळे दिल्लीच्या धुरात ते खोकत राहिले, आणि मी चहात आलं वाढवत राहिले. लाज वाटायची? वाटायची. सांगितलं? नाही.

रविवारी मॅच अटीतटीची होती. "वृंदा, चहा टाक," बाबा म्हणाले. मी आधण ठेवलं, दूध घातलं. खालून आरोळी आली, "छक्का!" आणि मला ते दार लोटवेना. मी हाक मारली, "बाबा, जरा इकडे या."

त्यांना खिडकीशी उभं केलं. गुप्ताजी पुन्हा ओरडले, "चौका!" मग हाताला धरून हॉलमध्ये नेलं, तर आमच्या टीव्हीवर तोच चौकार आत्ता जात होता. मी म्हटलं, "मला कधीच काही कळत नव्हतं, बाबा. सांगलीचंही नाही. इराच्या बससाठी तुम्ही मला इथे हवे होता, म्हणून म्हटलं मी तसं." बोलून संपलं तेव्हा इतकं हलकं वाटलं, बिल्कुल ताप उतरल्यासारखं.

आत दूध उतू गेलं. बाबांनी जाऊन गॅस बंद केला. राहिलेला चहा त्यांनीच दोन कपांत गाळला. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. मॅच आपण जिंकलो, ते खालच्या आरड्याओरड्यावरून आम्हा दोघांना एकदमच कळलं.

अर्धा कप झाल्यावर म्हणाले, "सांगलीचं तिकीट काढ. परतीचं नको."

मी त्यांच्यासमोर बसून काढलं. इराला बसवरून कोण आणणार, अजून ठरलेलं नाही. तरी त्या रात्री मला गाढ झोप लागली.