सूर्यभानची फुलाफुलांची छत्री

सूर्यभाननं चाळिशी उलटल्यावर नाल्यावर बाई गाठली, ही बातमी आमच्या गावात वर्षभर फिरत होती. मी ती सुरू केली नाही. पानठेल्यावर माझ्यापर्यंत आली तेव्हा ती अगदी अशक्त होती. मी तिला जरा खाऊपिऊ घातलं, एवढंच.

पण पुरावा पाहा. आमचं गाव अंजनगाव सुर्जीच्या अलीकडं. सूर्यभान वांगे पिकवतो आणि अंजनगावच्या बाजारात बसून विकतो. गुरुवारी दिवसा मोटारपंपाला लाइन नसते, म्हणून त्या दिवशी ओलिताला सुट्टी. बाकीचे लोक तेव्हा झोपा काढतात. हा मात्र धुतलेला सदरा चढवून, बायकोची गुलाबी फुलांची पांढरी छत्री काखेत मारून नाल्याकडं निघे. उन्हाळ्यात एक वेळ समजू शकतो, पण हा गडी पौषाच्या थंडीतही छत्री नेई. पानठेल्यावरच्या उत्तमरावनं ती छत्री बोरीच्या झुडपाआड हलताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. खाली कोण आहे ते मात्र दिसलं नाही. दिसलं असतं तर बातमी आठ दिवसांत मेली असती.

दसरा झाला आणि बातमी त्याच्या बायकोच्या, जमुनाच्या कानावर गेली. जमुना भांडली नाही, रडली नाही. तिनं छत्री लोखंडी पेटीत टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

गुरुवार आला. सूर्यभान घरात दोन चकरा मारून शेवटी स्वतःची काळी छत्री घेऊन निघाला. त्याच्या मागं शंभर पावलांवर जमुना. तिच्या मागं मी. मी आपला गाय शोधायला गेलो होतो.

नाल्यावर जे पाहिलं ते असं. सूर्यभाननं छत्री उघडली आणि उलटी करून बोरीच्या फांदीखाली धरली. मग काठीनं फांदीवर दहा दणके घातले. छत्रीत काय पडलं ते बघायला त्यानं नाक पार कापडाला लावलं. काळ्या कापडावर त्याला काही दिसेना.

"कुठी हाय ते?" जमुना मागून म्हणाली.

"कोन?"

"जिच्यासाठी माही छत्री लागते."

"बाई-गिई काही नाही व. किडे मोजू राहिलो."

मग त्यानं वही काढली. मागच्या दिवाळीच्या आधी अमरावतीच्या एका कॉलेजातल्या दीक्षा मॅडम त्याच्या वावरात आल्या होत्या. कोणत्या तालुक्यात कोणते किडे आहेत, किती आहेत, कोणत्या झाडावर आहेत, याची त्या यादी करत होत्या. उलट्या छत्रीची रीत त्यांचीच. या नाल्यावर दर गुरुवारी, त्याच दहा झुडपांवर, वर्षभर एकही खाडा न करता मोजलं तर ते जिल्ह्याच्या यादीत धरतील, असं त्या म्हणाल्या होत्या. एक गुरुवार जरी चुकला तरी सारं बाद. सूर्यभाननं एक्कावन्न गुरुवार भरले होते. हा शेवटचा.

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तुले सांगतलं त तू तुह्या बहिणीले सांगशीन. मंग बजारात आपले वांगे कोन घेईन? लोक म्हनतीन, यानं त घरीच किडे पोसले हायेत."

गिऱ्हाईक वांगं कसं डोळ्यासमोर फिरवून भोक शोधतं, ते जमुनाला ठाऊक. एका वांग्याला भोक निघालं की अख्ख्या ढिगाचं नाव खराब.

"काळ्यावर काळे काय दिसतीन तुमाले," ती म्हणाली. धुऊन धुऊन पांढरा पडलेला तिचा पदर तिनं दोन्ही हातांनी फांदीखाली ताणून धरला. "हाना."

त्यानं हाणलं. पदरात लाल ठिपक्यांचे पडले, सोंडवाले पडले, काडीएवढा हिरवा एक पडला. एक नाकतोडा तिच्या मनगटावर चढला, तरी तिनं हात हलवला नाही. "सोंडवाले चार. लिवा."

दहाही झुडपं झाली. सूर्यभाननं वही मिटली तेव्हा जमुनानं मान न वळवता आवाज दिला, "आबाजी, निघा बाहेर."

मी निघालो. "गाय शोधू राहिलो, बाई."

"तुमची गाय त तीन वर्षांआंधीच विकली."

"म्हनून त सापडून नाही राहिली."

"आता गावात काय सांगसान?"

"पाहिलं ते."

"नाई. आतापरेंत जे सांगत आले तेच सांगा. बाई हाय म्हना. गोरी म्हना, परतवाड्याची म्हना, माहं काही म्हननं नाही. लफड्यानं वांगे सडत नाहीत. किड्याचं नाव काढलं त गाठ माह्याशी हाय."

साठ वर्षं मी हे काम करतो, पण नवऱ्याची बदनामी करायला खुद्द बायकोनं सांगितलं, असं पहिल्यांदाच घडलं. मी काम इमानानं केलं. परतवाड्याच्या बाईला मी निळी स्कूटर घेऊन दिली, नर्सची नोकरी लावली. लोक सूर्यभानचं तोंड पाहायला त्याच्या दुकानाशी थांबत आणि मग लाजेखातर अर्धा किलो वांगे घेऊन जात. माझ्या घरी दर बाजाराला जमुनाकडून टोपलीभर येत, त्याचा हिशेब वेगळा.

यंदा जिल्ह्याची यादी निघाली. त्यात खाली सूर्यभानचं पूर्ण नाव आहे. ज्या किड्यांची नावं त्याला ठाऊक नव्हती त्यांना त्यानं वहीत गावातल्या माणसांची नावं दिली होती. मॅडमनी ती बदलली म्हणे. दिवसभर किरकिर करणाऱ्या एकाला माझं नाव होतं, तेही गेलं. आणि सूर्यभाननं वांगे उपटून झेंडू लावला आहे, म्हणून आता सांगायला हरकत नाही.

नाल्यावर परतवाड्याची कोणी बाई नव्हती. सूर्यभान तिथं किडे मोजत होता. एक्कावन्न गुरुवार एकटा, आणि बावन्नाव्याला बायकोसोबत.