घर तुमचंच आहे हो

"घर तुमचंच आहे हो, फक्त मी जरा आत आहे."

उजवा हात छातीवर ठेवून काका हे असं म्हणत, की भांडायला गेलेला माणूस चहा पिऊन परत येई. माझ्यावर हा प्रयोग दोनदा झाला.

इथल्या किचनर गावातलं त्यांचं घर आम्ही विकत घेतलं. विकणारा मराठी निघाला म्हणून मी हुरळून गेलो. परदेशात राहत असाल तर हा आनंद तुम्हाला ठाऊक असेल, आणि पुढे काय होतं तेही. ताबा ऑगस्टअखेर मिळायचा होता. भाड्याचं घर आम्ही सोडून बसलो होतो. आधी काकांचं सामान आवरून होईना. मग गणपती आले. काका दूर ब्रॉसार्ड शहरात मुलीच्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहायला जाणार होते. "दीड दिवसाचा तर आहे, त्याला कुठे कॉन्डोत नेऊ?" आता देवापुढे मी काय बोलणार!

आम्ही चौघं मित्राच्या बेसमेंटमध्ये, खोक्यांच्या गराड्यात. धाकटी रोज विचारायची, "बाबा, व्हेन आर वी गोइंग होम?" मित्राच्या बायकोच्या चेहऱ्यावरही आता तोच प्रश्न दिसू लागला होता.

तिसऱ्यांदा काकांचा फोन आला. "पितृपक्षातल्या नवमीपर्यंत थांबाल का?"

आमचा वकील म्हणाला, "धिस टाइम, से नो." बायको म्हणाली, "तुम्ही गप्प बसा. आज मी बोलते." आम्ही दोघं गेलो.

घर रिकामं झालं होतं. स्वयंपाकघर मात्र जिथल्या तिथे. मसाल्याचे डबे, कुकर, खुंटीवर काकूंचा एप्रन. काकू जाऊन दीड वर्ष झालं होतं.

"काका, किचन का नाही पॅक केलं?" बायकोने जरा चढ्या आवाजातच विचारलं.

काकांनी हात छातीवर नेला, पण नेहमीचं वाक्य काही आलं नाही. "नवमीला तिचं पान इथंच वाढायचंय. ब्रॉसार्डच्या घरात तिने पाऊलही टाकलं नव्हतं. तिथे कशी येईल ती?" मग ओशाळून म्हणाले, "सवाष्णही मिळत नाहीये. आमच्या ओळखीच्या सगळ्या आता माझ्यासारख्याच."

नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालतात. भांडायला आलेली माझी बायको खुर्ची ओढून बसली. "मी येते जेवायला. खीर गोड करा."

नवमीला काकांनी सगळा स्वयंपाक स्वतः केला. वडे चिवट झाले होते आणि खीर खाली लागली होती. बायकोने दोन्ही मागून घेतलं. बाहेर डेकच्या कठड्यावर कावळ्याचं पान ठेवलं होतं. कावळा बराच वेळ फिरकला नाही. आला तेव्हा काका त्याच्याकडे पाहून नुसते हसले, आणि मला एकदम रडू आलं.

मग ते एक ताट घेऊन बायकोसमोर उभे राहिले. खण, तांदूळ, नारळ. "ओटी बाईने भरायची असते. पण घरात दुसरं कोण आहे? तूच घे, पोरी." तिने पदर पसरला. नारळाशेजारी घराची किल्ली होती.

मी म्हणालो, "काका, किल्ली उद्या वकिलाकडून मिळायची आहे."

"उद्या माझी मिळेल. ही तिची."

गेल्या हिवाळ्यात काका ब्रॉसार्डहून थेट काकूंकडेच गेले. नवरा गेला की ही नवमी बंद होते, असं आईने नागपूरहून बजावलं. बायकोने ऐकलं नाही. यंदाही तिने खीर केली, कठड्यावर एका पानाशेजारी दुसरं ठेवलं आणि आम्ही दाराशी थांबलो. कावळा येईना, खूप उशीर झाला. पण काकांचं काम, वेळेवर कसं होईल?

बायकोने उजवा हात छातीवर ठेवला आणि बाहेर बघत हळूच म्हणाली, "या काका. घर तुमचंच आहे हो, फक्त आम्ही जरा आत आहोत."