आबांच्या मांडीवरचा नारळ

सीमेवर शेजारच्या देशाने हल्ला केला आणि माझ्या फौजी भावाला फोन आला, सुट्टी रद्द, ताबडतोब हजर व्हा. पासलीला, माझ्या माहेरी, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, तो राब तसाच राहिला. मी नसरापूरला दिलेली, तिथून कापूरहोळ जवळच, म्हणून त्याला गाडीत बसवायला मीही गेले. गाडी येईपर्यंत तो आमच्या वडिलांना एकच गोष्ट सांगत होता.

"आबा, ग्रामसभेत झऱ्याचं विचारा. भिऊ नका. लोकांनी विचारायचंच न्हाई, तर आमी तिकडं राखतुय तरी काय?"

झरा आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला आहे. उन्हाळ्यात आम्हाला तेवढंच पाणी. खाली शहरातल्या कुणीतरी बंगल्यांचे प्लॉट पाडले होते, आणि झऱ्यावरून तिकडे पाइप न्यायचा ठराव सभेपुढे यायचा होता.

सभेला मी मुद्दाम माहेरी आले. आबा एरवी मागे सतरंजीवर बसायचे. त्या दिवशी त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. जवानाचे वडील म्हणून अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला, टाळ्या झाल्या. आबा संकोचाने पार आक्रसून गेले होते. त्यांनी नारळ मांडीवर ठेवला.

मग लगेच पाइपचा ठराव वाचला. आबा उठले आणि त्यांनी हात वर केला.

सरपंचांनी हात जोडले. "आबा, तुमी तरी असं करू नका. तुमचा ल्योक तिकडं छातीवर गोळ्या झेलायला हुबा हाय, आन आपुन हितं पाण्यावरनं भांडायचं? ही येळ एकीची हाय."

पुन्हा टाळ्या. आमच्याच वस्तीतल्यांनीही वाजवल्या, ज्यांच्या घागरी उद्या रिकाम्या राहणार होत्या त्यांनीही. आबा खाली बसले आणि दोन्ही हातांनी नारळ धरून राहिले. ठराव मंजूर.

माझं डोकंच फिरलं. "मंजूर कसा? हात कुणी मोजले?" मी ओरडले.

"ताई, तुमी आता सासरच्या," मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. देशावर संकट असताना हसायला मात्र हरकत नव्हती.

भावाचा फोन यायला बरेच दिवस गेले. तोवर पाइप टाकून झाला होता. आईने जिवाला घोर लावून घेतला होता. त्याचा आवाज ऐकला आणि तिला रडूच कोसळलं. तो बरा होता. आईने स्पीकर लावून मोबाईल आबांच्या पुढ्यात धरला.

"आबा, झऱ्याचं विचारलं का?"

आबांना खोटं बोलता येत नाही. यावं असं मला त्या दिवशी फार वाटलं.

"उठलो व्हतो, बाळा," ते म्हणाले. "तुझंच नाव घेऊन खाली बसवलं मला."

तिकडून काही आवाज येईना.

"रेंज गेली आसंल," आई म्हणाली.

रेंज गेली नव्हती. त्याचा श्वास आम्हाला ऐकू येत होता.